हवेचं खातं कुणाकडे?

5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी उठवली, तोवर आपण ती आपल्यापुरती केव्हाच उठवून टाकली होती. कार्यालयांतली लग्नं पूर्ववत भरत होती, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सोसायटीच्या दारावरची सॅनिटायझरची बाटली कुणीतरी उचलून नेल्याला वर्ष होऊन गेलं होतं. संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी त्याच दिवशी हेही बजावलं की आणीबाणी संपली याचा अर्थ रोगाचा धोका संपला असा नव्हे. पण ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. माणसाला विसरणं सोयीचं असतं, आणि त्या दोन वर्षांनंतर विसरण्याचा हक्कही त्याने कमावला होता, असं म्हणायला हवं.

विषाणू मात्र विसरला नाही. तो आजही लोकांमध्ये फिरतो आहे, रूप बदलतो आहे. लसीमुळे आणि आधीच्या संसर्गांमुळे त्याची मारक शक्ती आपल्या शरीरापुढे पुष्कळ कमी पडते, हे खरं. तरीही त्याने मागे ठेवलेली थकबाकी कुणी पुरती मोजलेली नाही, आणि तो ज्या वाटेने आला ती वाट आपण बंद केलेली नाही. या प्रकरणात या दोन्ही गोष्टी पाहायच्या आहेत. दुसरी अधिक, कारण तिच्याबाबत काही करता येतं.

आधी थकबाकी. जगभर नोंदलेले मृत्यू 70 लाखांच्या वर आहेत. पण नोंद न झालेलेही धरून जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये जो अंदाज मांडला, तो 2020 आणि 2021 या दोनच वर्षांसाठी सुमारे 1 कोटी 49 लाख जादा मृत्यूंचा होता. त्यात भारताच्या वाट्याला 47 लाख. आपल्या सरकारने या पद्धतीवर आक्षेप घेतला. सरकारी आकडा सव्वापाच लाखांच्या थोडा पुढे आहे. दोन आकड्यांमधली दरी केवढी आहे ते वाचकाला दिसतंच. सरकारी हिशेबात देशात सर्वाधिक मृत्यू महाराष्ट्रात झाले, जवळपास दीड लाख. यात पन्नाशीच्या आतले कर्ते पुरुष इतके होते की 2021 मध्ये राज्य सरकारला विधवा झालेल्या स्त्रियांसाठी ‘मिशन वात्सल्य’ नावाची स्वतंत्र मोहीम काढावी लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना 50 हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान मिळालं. ज्या घरात खाजगी रुग्णालयाचं बिल भागवायला दागिने गेले किंवा जमीन गहाण पडली, तिथे ही रक्कम कितीशी पुरणार?

मृत्यूंचे आकडे निदान रोज संध्याकाळी जाहीर तरी होत. जे बरे होऊन घरी आले आणि तरी बरे झाले नाहीत, त्यांचा आकडा कधी जाहीर झाला नाही. मे 2020 मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व-अभ्यासक बाईंनी स्वतःच्या लांबलेल्या आजाराला ‘लाँग कोविड’ म्हटलं. डॉक्टरांनी दिलेलं नाव रुग्णांनी स्वीकारावं हा वैद्यकातला रिवाज. इथे रुग्णाने दिलेलं नाव पुढे डॉक्टरांनी स्वीकारलं. या आजाराचं लक्षण म्हणून ‘थकवा’ असं लिहिलं जातं, पण त्या शब्दाने काही कळत नाही. आज भाजी आणायला गेलं, दोन जिने चढले, आणि त्याचा जाब शरीर उद्या किंवा परवा विचारतं. मग दोन दिवस अंथरूण सुटत नाही. नुसतं उभं राहिलं तरी छातीत धडधडतं. वाचलेला परिच्छेद शेवटच्या ओळीपर्यंत डोक्यात टिकत नाही. रक्ताचे नेहमीचे अहवाल मात्र पुष्कळदा स्वच्छ येतात. त्यामुळे घरचे म्हणतात, ‘मनाचं आहे,’ आणि ऑफिसातले म्हणतात, ‘कामचुकारपणा आहे.’

2024 मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात झियाद अल-अली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. तोवर निदान 40 कोटी लोकांना कधी ना कधी लाँग कोविडने गाठलं असावं आणि त्यापायी जगाला दरसाल सुमारे 1 लाख कोटी डॉलर, म्हणजे जागतिक अर्थव्यवस्थेच्या जवळपास 1 टक्का, फटका बसत असावा, असा त्यांचा हिशेब आहे. अंदाज आहे, कमीजास्त होईल. पण शून्य होणार नाही.

शरीरात नेमकं काय बिघडतं याचं संशोधन अजून चालू आहे, तरी दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. ब्रिटनमध्ये ‘यूके बायोबँक’ या प्रकल्पात हजारो लोकांच्या मेंदूचे स्कॅन साथीच्या आधीच काढून ठेवलेले होते. त्यांतल्या 785 जणांचे स्कॅन पुन्हा काढले. मधल्या काळात त्यांपैकी 401 जणांना कोविड झाला होता, बहुतेकांना घरच्या घरी बरा होणारा. ज्यांना झाला त्यांच्या मेंदूत, विशेषतः वासाशी जोडलेल्या भागांत, करड्या द्रव्याची घट इतरांपेक्षा जास्त दिसली. फरक लहान होता, सरासरीतला होता. पण ‘आधी’चा फोटो हाताशी असल्यामुळे तो झटकून टाकता येत नाही. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या दीड लाखाहून अधिक माजी सैनिकांचा. संसर्गानंतरच्या वर्षभरात हृदयविकार, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका त्यांच्यात वाढलेला आढळला, रुग्णालयात दाखल न झालेल्यांतसुद्धा. हे लोक बहुतांश वयस्क गोरे पुरुष होते, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये. लस घेतलेल्यांत हे सगळे धोके कमी होतात, नाहीसे होत नाहीत.

पैशांचा हिशेब रिझर्व्ह बँकेने 2022 च्या अहवालात मांडला आहे. 2020-21 मध्ये देशाच्या उत्पादनाचं नुकसान 19.1 लाख कोटी रुपये, पुढच्या वर्षी 17.1 लाख कोटी, त्यापुढच्या वर्षी 16.4 लाख कोटी. आणि हा खड्डा भरून निघायला 2034-35 साल उजाडेल. हे वाक्य मी आजवर अनेकांना वाचून दाखवलं आहे. बहुतेकांना वाटतं छपाईची चूक आहे.

एवढी किंमत मोजल्यावर तरी हा रोग पसरतो कसा हे प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. विचारून पाहा. दहातले आठ जण अजूनही हात धुण्याबद्दल बोलतील.

10 मार्च 2020 ची गोष्ट. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट व्हर्नन गावी एका गायकवृंदाची तालीम होती. कोरोनाची बातमी आलेली होती, म्हणून मंडळी सावध होती: हात स्वच्छ केलेले, गळाभेट नाही. 61 जण अडीच तास गायले. त्यांच्यात एकाला तीन दिवसांपासून सर्दीसारखं वाटत होतं. पुढच्या काही दिवसांत, त्या एकाला धरून, 53 जण आजारी पडले. 33 जणांची चाचणी पॉझिटिव्ह आली, 20 जणांची लक्षणं तीच होती. दोघे दगावले. एका माणसाने एका संध्याकाळी पन्नासेक जणांना हात लावला असेल, किंवा प्रत्येकाच्या तोंडावर खोकला असेल, हे शक्य नाही. ते सगळे फक्त एकाच दालनातली हवा आत ओढत होते, आणि गाताना माणूस ती खोलवर ओढतो.

त्याआधी जानेवारीत चीनमधल्या ग्वांगझू शहरात एका हॉटेलात असंच घडलं होतं. शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं जेवत होती; एका कुटुंबातल्या रुग्णाला धरून तिन्ही कुटुंबांतल्या मिळून दहा जणांना लागण झाली. वेटर सुटले, दूरची टेबलं सुटली. भिंतीवरचा एसी त्या तीन टेबलांवरची हवाच पुन्हा पुन्हा घुसळत होता, आणि बाहेरची ताजी हवा जवळजवळ येतच नव्हती.

स्वयंपाकघरात मिरच्यांची फोडणी पडली की दिवाणखान्यात पेपर वाचणाऱ्याला ठसका लागतो. खाट तिथवर पोचतो, त्याला सहा फुटांची रेघ कळत नाही. श्वासातून, बोलण्यातून, गाण्यातून निघणारे बारीक कण असेच वागतात. भौतिकशास्त्र सोपं आहे. 100 मायक्रॉनचा थेंब, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा, माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून पाचेक सेकंदांत जमिनीवर येतो. 5 मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत तेच अंतर पडायला अर्धा तास लागतो. 1 मायक्रॉनच्या कणाला बारा तासांहून अधिक. आणि खोलीतली हवा स्थिर कधीच नसते.

मग वैद्यकशास्त्राला हे ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं, आणि ते मोडीत काढलं गेलं होतं. एकोणिसाव्या शतकापर्यंत रोग ‘दूषित हवे’ने होतात अशी समजूत होती, कॉलरासुद्धा घाणीच्या वासाने होतो असं मानत. जॉन स्नोने 1854 मध्ये लंडनच्या कॉलऱ्याचं मूळ पाण्याच्या पंपात दाखवलं, पुढे जंतू सापडले, आणि जुनी समजूत हास्यास्पद ठरली. ठरायलाच हवी होती. पण तिला हाकलताना हवेलाच निर्दोष ठरवून टाकलं. 1910 मध्ये चार्ल्स चॅपिन या अमेरिकन आरोग्य अधिकाऱ्याने लिहिलेल्या वजनदार पुस्तकात रोग स्पर्शाने आणि जवळच्या थेंबांनी पसरतात असं ठासून मांडलं. हवेची भीती डोक्यात राहिली तर लोक हात कशाला धुतील, ही त्याची चिंता. प्रचारकाला शोभेलशी चिंता. पण तिचा शास्त्रीय सिद्धांत झाला आणि शंभर वर्षं टिकला.

मध्यंतरी विल्यम वेल्स हा अभियंता आणि त्याची डॉक्टर पत्नी मिल्ड्रेड यांनी 1930 च्या दशकात कणांची गणितं मांडली. मोठे थेंब आणि तरंगणारे कण यांच्यातली सीमा वेल्सच्या हिशेबात 100 मायक्रॉनच्या आसपास होती. पुढे क्षयाच्या अभ्यासातून 5 मायक्रॉन हा वेगळाच आकडा आला: त्याहून लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात, एवढाच त्याचा अर्थ. पाठ्यपुस्तकांत हे दोन आकडे एकमेकांत मिसळले, आणि 5 मायक्रॉनच्या वरचं सगळं जमिनीवर पडतं असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. हा गोंधळ साथ ऐन भरात असताना लिन्सी मार, कॅथरीन रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी कागदपत्रं चाळून उघडकीला आणला.

वेल्स आणि रिचर्ड रायली यांचा बाल्टिमोरचा प्रयोग तर शाळेच्या पुस्तकात असायला हवा. 1950 च्या दशकात तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांनी क्षयाच्या सहा खोल्या निवडल्या. त्या खोल्यांतली हवा नळ्यांनी गच्चीवर नेली आणि तिथे पिंजऱ्यांत ठेवलेल्या गिनीपिगना ती हुंगायला दिली. रुग्ण खाली, प्राणी वर. मध्ये स्पर्श नाही, थुंकी नाही, फक्त हवा. महिन्याला सरासरी दोन-तीन गिनीपिगना क्षय होत गेला. दुसऱ्या पिंजऱ्यांकडे जाणाऱ्या हवेवर वाटेत अतिनील दिवे लावले होते. तिथले गिनीपिग ठणठणीत राहिले. रोग हवेतून जातो हेही सिद्ध झालं आणि हवा स्वच्छ करता येते हेही, एकाच प्रयोगात. वैद्यकाने क्षयापुरतं ते मान्य केलं आणि बाकीच्या बहुतेक रोगांसाठी दार लावून घेतलं.

म्हणून 28 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटना ‘कोविड हवेतून पसरत नाही’ असं छातीठोकपणे सांगू शकली. दोनच दिवसांनी बरेलीत गावी परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर हायपोक्लोराइट हे जंतुनाशक मारलं गेलं. आपण घरोघरी भाज्या साबणाच्या पाण्यात बुडवल्या, पेपर बंद केला, लिफ्टचं बटण काडीने दाबलं, आणि मग तोच लिफ्टचा पाळणा, पंखा बंद, चार जणांनी भरून वर नेला. जुलै 2020 मध्ये लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी 239 शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने जाहीर पत्र लिहिलं. संघटना हळूहळू, अडखळत सरकली. डिसेंबर 2021 पर्यंत हवेतून प्रसार हे शब्द तिच्या संकेतस्थळावर स्वच्छ आले आणि 2024 मध्ये नव्या परिभाषेचा अहवाल निघाला. तोवर जगभरच्या दुकानांत काउंटरवर प्लास्टिकचे पडदे लागून त्यांच्यावर धूळही बसली होती. हे पडदे थेंब अडवतात. कण त्यांना वळसा घालतात.

मुंबईकरांनी इथे जरा आपल्या शहराचा इतिहास आठवावा. 1896 मध्ये मांडवीला प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. त्या साथीतून 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो. ट्रस्टच्या साहेबांच्या डोक्यात मात्र कोंदट हवाच होती. पण त्या चुकीच्या कारणातून एक चांगला नियम निघाला. ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा आग्रह धरला: खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली तर तिचा जमिनीशी कोन साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा नसावा. सोप्या भाषेत, समोरची इमारत 40 फूट उंच असेल तर मध्ये निदान 20 फूट मोकळी जागा हवी. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींत आजही जो उजेड आणि वारा लागतो, त्यामागे त्या काळची ही विचारसरणी आहे.

शंभर वर्षांनी त्याच शहरात काय झालं? प्रकल्पग्रस्तांसाठी मानखुर्दला लल्लूभाई कंपाऊंड आणि गोवंडीला नटवर पारेख कंपाऊंड उभं राहिलं. इमारती सात-आठ मजली आणि दोहोंमध्ये जेमतेम 3 मीटर. ऑरसाहेबांचा कोन लावायचा तर तिथे सहा मीटर उंचीवर इमारत थांबायला हवी होती. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी तिथल्या क्षयरोगाचा अभ्यास केला. जिथे ऊन आणि वारा पोचत नाही त्या खालच्या मजल्यांवर क्षय अधिक, आणि शेजारच्या मोकळ्या वसाहतीच्या तुलनेत या वस्त्यांत फार अधिक. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. त्यांना औषध आपण फुकट देतो. घर मात्र असं देतो.

कोविडमध्ये हेच चित्र रक्ताच्या तपासणीत उमटलं. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत सुमारे 7 हजार लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडं तपासली. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना लागण होऊन गेलेली होती, बाकीच्या वस्तीत 16 टक्क्यांना. सामायिक संडास, दाटी, कामाला बाहेर पडण्याची गरज ही कारणं त्यात आहेतच. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं आणि एक खिडकी, हेही आहे.

पण ही गरिबांचीच अडचण आहे असं समजून इमारतीतल्या वाचकाने निश्चिंत होऊ नये. आपल्या मध्यमवर्गाने गेल्या वीस वर्षांत हौसेने विकत घेतलेली कोंदट हवा ही वेगळीच जात आहे. तिचं नाव स्प्लिट एसी. पुष्कळांची समजूत असते की एसी बाहेरून ताजी हवा आणतो. घरातला, दवाखान्यातला, क्लासमधला नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरून काहीही आणत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. मधल्या नळीतून फक्त गॅस फिरतो.

एक क्लास डोळ्यांसमोर आणू. प्रत्येक तालुक्याच्या गावी आता असे क्लास आहेत. खोली 20 बाय 15 फूट, उंची 10 फूट. म्हणजे 85 घनमीटर हवा. आत 40 मुलं, दारं-खिडक्या बंद, एसी चालू. एक मूल बसल्याबसल्या तासाला साधारण 16 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. चाळिसांचा झाला 640 लिटर. खोली अगदी हवाबंद धरली तर अर्ध्या तासात त्या वायूचं प्रमाण बाहेरच्या 420 वरून 4 हजार पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 4 हजार भागांच्या, पलीकडे जातं. फटींमधून थोडी हवा खेळते, दार मधूनमधून उघडतं, म्हणून प्रत्यक्षात अडीच-तीन हजारांवर थांबेल. आता उच्छ्वासातल्या हवेत हा वायू सुमारे 40 हजार पीपीएम असतो. म्हणजे खोलीत 2,300 पीपीएम भरलं, तर तिथला प्रत्येक विसावा श्वास आधी दुसऱ्या कुणाच्या तरी फुप्फुसातून फिरून आलेला असतो. दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवणार नाही असं म्हणणाऱ्या घरांतली मुलं तिथे दोन-दोन तास बसतात, त्यासाठी फी भरून.

कार्बन डायऑक्साइड स्वतः इथे फार मोठा गुन्हेगार नाही. तो साक्षीदार आहे. खोलीत किती उच्छ्वास साठलाय हे तो सांगतो, आणि मोजायचं यंत्र आता मोबाइलपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतं. आकडा 800 च्या खाली असेल तर बरं चाललंय. दीड हजाराच्या वर गेला की खिडकी उघडा, मग कुणी खोकत असो वा नसो. कोविडचा माणूस लक्षणं दिसण्याआधीही विषाणू सोडतो.

उपाय नवे नाहीत, महागही नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2023 मध्ये सांगितलं की माणसं असलेल्या खोलीत तासाला निदान 5 वेळा हवा बदलावी, किंवा तेवढी गाळावी. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असतील आणि वारा असेल तर हे सहज होतं. वारा नसेल तर एका खिडकीत बाहेरच्या बाजूला हवा फेकणारा एग्झॉस्ट पंखा बसवावा आणि दुसरी किलकिली ठेवावी. एसी बंद करायचीही गरज नाही, बिल थोडं वाढेल. खिडकीबाहेर महामार्ग असेल आणि उघडली की धूळच आत येत असेल, तर गाळणी लावा. हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवतो. धूळ, धूर आणि विषाणूचे कण, सगळ्यांना तो सारखाच न्याय देतो. प्युरिफायरच्या खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा गाळतो ते छापलेलं असतं. तो आकडा 300 असेल तर आपल्या 85 घनमीटरच्या क्लासला तो साडेतीन वेळा पुरतो. दोन लावले की सात वेळा. एवढं गणित चौथीतल्या मुलाला येतं, तरी दुकानदाराला विचारलं तर तो रंग आणि ब्रँड सांगतो.

हे प्रत्यक्षात चालतं का? केंब्रिजच्या अॅडनब्रूक्स रुग्णालयात कोविड वॉर्डात गाळणी बंद असताना हवेत विषाणू सापडला, चालू असताना सापडला नाही. इटलीत मार्के प्रांतातल्या दहा हजारांहून अधिक वर्गांची पाहणी झाली. यांत्रिक वायुवीजन असलेल्या 316 वर्गांत लागण निदान 74 टक्क्यांनी कमी होती, आणि हवेचा पुरवठा जितका जास्त तितकी लागण कमी. कोविडच्या कितीतरी आधी, 2000 साली, मिल्टन यांनीच मॅसॅच्युसेट्समधल्या एका मोठ्या कंपनीच्या 3,720 कर्मचाऱ्यांच्या रजा तपासल्या होत्या. जिथे बाहेरची हवा कमी येत होती तिथल्या छोट्या आजारपणाच्या रजांपैकी सुमारे 35 टक्के रजा त्या कोंदटपणामुळे होत्या, असा त्यांचा निष्कर्ष. मालकाने पंख्याच्या विजेत वाचवलेले पैसे पगारी रजांत घालवले. व्यापारी समाजाला एवढं तरी पटायला हरकत नसावी.

मास्कबद्दल थोडक्यात. 1910-11 च्या हिवाळ्यात मांचुरियात न्यूमोनिक प्लेग पसरला, तेव्हा वू लिएन-तेह या पेनांगमध्ये जन्मलेल्या डॉक्टरने कापूस आणि जाळीच्या पट्टीचा मास्क वापरायला लावला. मेस्नी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरने त्याला तुच्छतेने नकार दिला. तो काही दिवसांत प्लेगने गेला. आजचा एन-95 त्याच कुळातला, फक्त त्याच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो आणि तो कणांना ओढून धरतो. म्हणून तो धुवायचा नसतो. चेहऱ्याला घट्ट बसला तरच त्याचा उपयोग; हनुवटीवर टांगलेल्याचा नाही. दवाखान्याच्या प्रतीक्षाखोलीत, विमानतळाच्या बसमध्ये, घरात कुणी आजारी असताना तो लावावा. एरवी माणसाने दिवसभर तोंड झाकून जगावं अशी अपेक्षा मला अन्यायाची वाटते, कारण तिच्यात इमारतीचं काम माणसाच्या नाकावर ढकललेलं असतं.

खरी अडचण आहे ती इथे. नळाला गढूळ पाणी आलं तर पाणीपुरवठा खात्याला फोन करायचा हे माहीत असतं. मिठाईत भेसळ निघाली तर अन्न व औषध प्रशासन आहे. लिफ्टला निरीक्षक आहे, आगीला ना-हरकत दाखला आहे. शाळेच्या वर्गात, लग्नाच्या बंद हॉलमध्ये, बँकेत, दवाखान्यात तासाला किती हवा बदलते हे तपासायला कुणीच येत नाही. तज्ज्ञांनी सांगितलं नाही असं नाही. मे 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने खिडक्या उघडा, एग्झॉस्ट लावा, हे कण 10 मीटरपर्यंत जातात, असं चित्रांसह छापून दिलं होतं. लाट ओसरली आणि ती पुस्तिकाही. बेल्जियमने 2022 मध्ये सार्वजनिक बंदिस्त जागांतल्या हवेसाठी कायदाच केला. आपल्याकडे नव्या शाळा-इमारतींचे काचेचे दर्शनी भाग दर वर्षी वाढताहेत, आणि त्या काचा उघडत नाहीत.

गढूळ पाणी दिसतं, वासाला येतं. श्वासाने भरलेली हवा दिसत नाही, म्हणून मोर्चा निघत नाही. पण एक गोष्ट कुणालाही करता येईल. मुलाच्या शाळेच्या किंवा क्लासच्या पुढच्या पालकसभेत उभं राहून विचारा: या वर्गात तासाला किती वेळा हवा बदलते, आणि ते मोजलंय का? बहुधा सगळे तुमच्याकडे बघत राहतील. मुख्याध्यापक ‘आमचे सगळे वर्ग वातानुकूलित आहेत’ असं अभिमानाने सांगतील. तेव्हा खाली बसू नका. तोच प्रश्न कागदावर लिहून द्या, खाली आणखी चार पालकांच्या सह्या घ्या आणि पोच मागा.